बांगड्या नसलेले हात

आमची दुधनीवाली दिसायच्या आधी ऐकू यायची. दोन्ही हातांत मनगट झाकेल एवढ्या हिरव्या काचेच्या बांगड्या. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात ती ज्वारीच्या भाकऱ्या थापायला बसली की गल्लीच्या तोंडाशीच गिऱ्हाइकाला कळायचं, आज कडक भाकरी मिळणार. माहेर कानडी हद्दीवरच्या दुधनीचं, म्हणून सासूनं दुधनीवाली म्हटलं, तेच चिकटलं. खरं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. आमच्या वेळी बायकोचं नाव घेत नसत.

बोलायला फटकळ. भांडण मिटवायचं तर तिचा एकच शब्द, साकू. कन्नडात पुरे. मी चार वाक्यं जुळवून यायचो, ती पीठ मळता मळता साकू म्हणायची आणि माझी वाक्यं पोटातच राहायची. चहात साखर घालताना साकू, नवी साडी घे म्हटलं तरी साकू. बांगड्यांना मात्र साकू नव्हतं. कासार आला की आधी हात पुढं करायची, मग भाव विचारायची. बांगडी फुटली असं म्हणू द्यायची नाही. "वाढवली म्हणा," म्हणून मलाच दटावायची.

मग पुण्याहून एक मॅडम आली. पोरगीच. म्हणाली, आजींचे हात टिपून घ्यायचेत. डोळ्यांना खोकं लावलं की समोर आजींचे हात दिसतील, शिकणारा त्यांच्यावर आपले हात धरून शिकेल. पण थापताना एक हात दुसऱ्याच्या आड जातो, कॅमेऱ्याला दिसत नाही, तिथं हात हरवतो. म्हणून मनगटाला पट्टा आणि बोटांना कड्या बांधायच्या. हलण्यावरून त्या सांगणार, हात कुठं गेला. मला तेव्हाच किळस आली. खायच्या पिठात रबराच्या कड्या. ही म्हणाली, "पोरगी उपाशी आलीय, आधी जेवू द्या तिला." शेंगाचटणीशी मॅडमनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि ही तयार झाली.

पट्टा बांधून थापायला लागली, तर मॅडमच्या संगणकाच्या पडद्यावरचा हात अंगात आल्यासारखा उडायला लागला. बांगड्या पट्ट्यावर आपटत होत्या. मॅडम म्हणाली, आजी, तेवढ्या बांगड्या काढा की. हिनं पिठाचं बोट माझ्याकडं केलं.

"हे बसल्यात की जिते. हे गेल्यावर ये, मग काढते."

पोरीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "वाट बघ आता." मग तिघंही हसलो. शेवटी हिनंच जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि आवळून बांधल्या. भाकऱ्या झाल्या, पण आवाज नाही. "बहिऱ्यागत वाटतंय मला," म्हणाली. चिंधी सोडून हात झटकले, बांगड्या खळकन खाली आल्या, तेव्हा कुठं तिचा चेहरा सैल झाला.

थंडीत हिच्या छातीत कळ आली आणि माझ्याआधी गेली. बायकांनी कोपरापर्यंत चुडा भरला. अहेव जायचं तिनं देवाकडं मागितलं होतं, तसं झालं. मला कुणी विचारलं नव्हतं.

परवा मॅडमनं बोलावलं. एका हॉलात प्रदर्शन होतं. टांग्याच्या घोड्यासारखी झापडं बांधून शिकलेली माणसं उभी, हवेत चापट्या मारत. पीठ नाही, तवा नाही, जाळ नाही. एकजण हवा थापता थापता बायकोला फोटो काढायला सांगत होता. ओकारी यावी असला तमाशा. वर भिंतीला पाटी, तिच्यावर हिचं नाव, मोठ्या अक्षरांत. मॅडमनं माझ्या डोळ्यांवर खोकं चढवलं. त्याला किती कपाळांच्या घामाचा वास मारत होता कुणास ठाऊक.

हात तिचेच. भाकरी फिरवताना करंगळी उचलायची खोड, थापून झालं की परातीवर टिचकी मारायची सवय, सगळं तिचं. मग मनगटांकडं लक्ष गेलं. राखाडी, गुळगुळीत, मोकळी. नवरा मेलेल्या बाईचे हात.

"मॅडम, मी जिता हाय अजून," मी म्हटलं. "तिचं हात मोकळं कसं?"

तिला आधी कळेना. मग चिंधी आठवली असावी. म्हणाली, आजोबा, पट्ट्याला हात कळतो, बांगडी कळत नाही. चित्र काढून घालते की, लगेच.

"चित्रातली बांगडी नगं. हात ठेव तुझ्याकडं, शिकू दे कुणाला शिकायचं ते. तिचं नाव काढ तेवढं."

नाव तर मान म्हणून लावलंय, असं काहीबाही ती बोलत राहिली. मी म्हटलं, "साकू."

पोरगी वाईट नव्हती. स्वतः खुर्चीवर चढली, पाटी सोडवली, ओढणीनं पुसून माझ्या हातात दिली. रिक्षात बसल्यावर ते नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. रिक्षावाल्यानं वळून बघितलं. बघू दे.

ते हात तिथं अजून हवा थापत असतील. कुणाचे का असेनात. दुधनीवालीचे हात वाजायचे.