आक्काची सुपारी आणि माझा विलायती ढोल

निपाणीत त्या काळी विलायती पद्धतीने ढोल वाजवणारा मी एकटाच होतो, आणि शेजाऱ्यांच्या मते तेवढाही जास्तच होता.

आणीबाणी नुकतीच उठली होती. कॉलेजच्या परीक्षेला बेळगावला गेलो असताना एका रद्दीवाल्याकडे मला जुनं इंग्रजी मासिक सापडलं. मधल्या पानावर एका जगप्रसिद्ध ड्रमवाल्याचा फोटो! (नाव सांगत नाही. हे वाचून तो उगाच मनाला लावून घेईल.) पायाशी मोठा ढोल, पुढ्यात एक छोटा, उजवीकडे दोन, वर पितळी झांजा. परीक्षेत काय लिहिलं ते आठवत नाही, पण तो फोटो तोंडपाठ झाला. घरात हुबेहूब तसाच संच उभा करायचा, असं मी ठरवून टाकलं.

मोठा ढोल आणि पुढ्यातला छोटा सदलग्याच्या एका बुडालेल्या बँड कंपनीकडून मिळाले. उजवीकडचे दोन म्हणजे वनस्पती तुपाचे डबे, त्यांवर कातडं ताणलेलं. झांजांच्या जागी पातेल्यांची झाकणं. पायाने ठोका मारायला सायकलचं पॅडल आणि न्हाणीघराच्या दाराची बिजागरी. (त्यानंतर घरातल्या प्रत्येकाला एका हाताने दार धरून आंघोळ करावी लागे.)

फोटोत मोठ्या ढोलाच्या पुढच्या कातड्याला गोल भोक होतं आणि आत उशी कोंबलेली दिसत होती. आवाज फार घुमू नये म्हणून. मी लगेच भोक पाडलं आणि आईकडे उशी मागितली.

"उशी? ढोलाला?" आई म्हणाली. "मग पांघरूण बी घाल की! अंगाई म्हण!"

उशी मिळाली नाही. मग मी परसातलं एक रिकामं पोतं आत कोंबलं. आमचे अप्पा, म्हणजे वडील, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यामुळे आमच्याकडची सगळी पोती तंबाखूची, आणि प्रत्येकात खकाणा, म्हणजे तंबाखूची धूळ, साचलेला. पण निपाणीच्या नाकाला खकाण्याचं काय कौतुक! आम्ही जन्मल्यापासून तोच हुंगत आलेलो. महिनाभर मी तो ढोल बडवला, पण घरात कुणी साधं नाकसुद्धा चोळलं नाही.

अशात माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, स्थळ आलं. मुलगा बेळगावच्या टिळकवाडीत राहणारा, हायस्कुलात मास्तर. आधीच्या तीन सोयरिकी बोलणी होता होता मोडल्या होत्या. या वेळी मात्र मुलगा आक्कालाही मनापासून आवडला होता. सुपारी फोडायच्या दिवशी सकाळी तिने मला चुलीपाशी गाठलं.

"बाळू, हात जोडते रं. आज काय बी घोळ घालू नगंस."

"न्हाय गं आक्का! मी कशाला घालतोय?"

तिचे डोळे भरलेले होते. सकाळपासून मी चालतानाही पाय जपून टाकत होतो.

दहाला पाहुणे आले. सोबत मुलाची आत्या. या आत्याबाई शकुनाच्या बाबतीत भलत्याच कडक! मांजर आडवं गेलं म्हणून येताना त्यांनी संकेश्वराजवळ बस थांबवायला लावली होती. (ड्रायव्हरने थांबवलीही होती. यावरून बाईंचा आवाज ओळखा.)

सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, माझा संच चादरीखाली झाकलेला होता. मास्तरांनी सहज चादर उचलली.

"आयला! हे तर विलायतेतल्यागत हाय की! वाजवा बघू!"

अप्पांनी डोळे वटारले. पण होणाऱ्या जावयाचा पहिलाच शब्द मोडायचा कसा? शिवाय खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी 'वाजव' म्हणालं होतं! मी बसलो आणि पाच मिनिटं जीव तोडून वाजवलं. ढोलाचं भोक नेमकं पाहुण्यांच्या तोंडासमोर होतं. टाळ्या पडल्या, मी घाम पुसला, आणि भटजींनी पाटावर सुपारी ठेवून बत्ता उचलला.

"आऽक्छी!" मास्तर शिंकले.

"थांबा!" आत्याबाई कडाडल्या. "शिंक झाली. जरा दम धरा."

पाच मिनिटांनी बत्ता पुन्हा वर गेला. मास्तरांचे वडील शिंकले. बत्ता खाली. पुन्हा वर. मास्तरांचे काका शिंकले, आणि मग स्वतः आत्याबाई, लागोपाठ तीनदा! आमच्या बाजूची माणसं मात्र कोरड्या नाकाने स्वस्थ बसलेली.

"ह्ये बरं न्हवं," आत्याबाई पदराने नाक पुसत उठल्या. "शिंका आमच्याच माणसास्नी? देवाच्या मनात न्हाय ही सोयरीक."

माझं लक्ष ढोलाकडे गेलं. उन्हाच्या तिरिपेत भोकातून तपकिरी धूळ संथपणे बाहेर येत होती. सांगावं तर अप्पा सोलून काढणार. न सांगावं तर दारात आक्का उभी, हातात चहाचं तबक, नजर मास्तरांवर. मला ते बघवेना.

"आत्याबाई, देवाच्या मनात हाय!" मी ओरडलो. "शिंका माझ्या ढोलात हाईत!"

आणि पुरावा म्हणून मी ते पोतं ओढून सर्वांसमोर झटकलं.

ते झटकायला नको होतं. क्षणभर सोप्यात कुणी कुणाला दिसेना. तीस वर्षं वखारीत काढलेले अप्पासुद्धा शिंकले! आई शिंकली, आक्का शिंकली, तबकातल्या कपबशा नाचल्या. शेवटी भटजींना अशी शिंक आली की उगारलेला बत्ता हातातून निसटला आणि खाली सुपारीचे दोन तुकडे झाले!

"फुटली बया एकदाची!" आत्याबाई डोळे पुसत हसायला लागल्या. "आता दोन्हीकडची शिंकली, फिटलं! तंबाखूला कसला आलाय अपशकुन?"

आक्का हसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी सगळे लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याचा कागद, लिहायला बसले. पाहुणे काय काय मागतात म्हणून अप्पा काळजीत. पण आत्याबाईंनी एकच अट सांगितली: 'मुलीच्या भावाने लग्नात काहीही वाजवू नये. टाळ्यासुद्धा.' अप्पांनी वाक्य पुरं व्हायच्या आत सही ठोकली. आईला सही कुणी मागितलीही नव्हती. तिने कागद ओढून घेतला आणि खाली आपला अंगठा उठवला!