मशीनची पेंड

आता काय सांगू तुम्हाला… एखादी वस्तू घेताना माणूस चार बाजूंनी विचार करतो, मी दहा बाजूंनी केला. आणि तरीही चार गावांत शोभा करून घेतली! घ्या, चहा घ्या, सांगतो.

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत माझा फोटो स्टुडिओ. लग्नाचे मोठे फोटो छापायला दर वेळी पुण्यात पळावं लागायचं. म्हटलं, दोन फूट रुंद फोटो छापणारा प्रिंटर आपणच घेऊ. पैसे होते, पण ते सुरेखाच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या भिशीचे. म्हणजे मालकीण ती आणि मी अर्जदार.

वडिलांना विचारलं. आण्णांचा जन्म म्हशी पाळण्यात गेला. म्हणाले, "सदा, म्हशीची किंमत नगं बघू. पेंड किती खाती त्ये बघ."

सुरेखाने ते लगेच उचललं. "अहो, आधी पेंड सांगा. मग भिशी."

विक्रेता भला माणूस. त्याने मशीन आठ दिवस वापरायला दिलं, मी रोजच्या खर्चाची वही घातली. आणि काय हो, हे मशीन काम नसलं तरी खातं! रोज एक तरी फोटो छापायचा, नाहीतर शाई वाळून तोंड तुंबतं. धूळ चालत नाही. दमट हवा चालत नाही. मुळशीत राहायचं आणि दमट हवा नको? एवढे नखरे मी जावई असून सासरी केले नव्हते!

सातव्या दिवशी छापायला गिऱ्हाइकाचा फोटोच नव्हता. विक्रेता म्हणाला होता, मशीनची खरी परीक्षा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. मग काय, छापला स्वतःचाच! दोन फूट बाय तीन फूट, चेहऱ्यावर मंद हसू. रोलचा कागद गुंडाळला जातो म्हणून समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. धूळ नको म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. आणि विजेच्या मीटरचा लोड वाढवायला काय पडतं ते विचारायला पौडला वीज कार्यालयात गेलो. वहीत तेवढाच आकडा राहिला होता. मोबाइल? दुकानातच, चार्जिंगला!

मागून सुरेखा आली. नव्या मशीनची पूजा राहिली होती, म्हणून हार घेऊन. मशीनवर घालावा तर फुलं आत जाणार. अडकवला खिळ्याला. कुठल्या खिळ्याला, ते तुम्ही ओळखलंच असेल. खाली दोन उदबत्त्या.

तेवढ्यात शेजारचे किराणावाले नामदेवतात्या शटरखालून डोकावले. पुढचं बोलणं मला नंतर सुरेखाने सांगितलं.

"सुरेखा… सदा?"

"गेले ना."

"आँ! कवा?"

"सकाळीच."

"आरं द्येवा! काल तर चांगला बोलत व्हता. आसं अचानक?"

"अचानक कुठलं, तात्या! आठ दिवस डोक्यातच होतं त्यांच्या."

"डोक्यात! आन् आमाला सांगितलं न्हाई?"

"मी म्हणत होते, नका जाऊ, थांबा चार दिवस. ऐकतात का!"

तात्यांनी डोळे पुसले. तिला वाटलं, उदबत्तीचा धूर. "येते हं," म्हणून ती फोन बंद करून शाळेत पालकसभेला गेली. तात्या म्हणाले म्हणे, "पोरगी लई धीराची!" आणि बसले फोन लावत.

दुपारी परत येतो तर दुकानासमोर ही गर्दी! मला वाटलं, मशीन बघायला आलेत. अभिमानाने छाती भरून आली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय रे, काय झालं?"

मागे न बघता तो म्हणाला, "सदा फोटोवाला गेला."

"कुठं?" मी विचारलं.

हो, मीच विचारलं! "पौडला" असं उत्तर येईल म्हणून वाट बघत उभा राहिलो. तो वळला आणि जो ओरडला!

ताम्हिणीहून टेम्पो करून आलेली माझी आत्या गर्दीतून आली. मला चाचपलं, पोटाशी धरलं, हमसून हमसून रडली. खरं सांगतो, माझेही डोळे भरले. मग पाठीत असा धपाटा घातला, "मुडद्या! जिता हायस तर फोटूला हार कशापायी?"

सुरेखा आली, उलगडा झाला. आत्या फोटोसमोर उभी राहिली, निरखून बघितलं. "जितेपणी येवडा देखणा न्हाईस रं तू." मग म्हणाली, "माझाबी आत्ताच काढ. न्हायतर मागनं तुमी आधार कार्डावरचा लावाल."

तिच्यामागे आणखी चार म्हातारे उभे राहिले. सुरेखाने रांग बघितली आणि हळूच म्हणाली, "ठेवा मशीन."

मशीन राहिलं. पण पेंड चुकत नाही. काम नसेल त्या दिवशी माझाच फोटो छापतो, रंगीत, खाली ठळक तारीख घालून. तात्या सकाळी येतात, तारीख बघतात, "हाय आजून" म्हणतात आणि दुकान उघडतात.

परवा दिवसभर वीज नव्हती. फोटो नाही. तात्यांनी कळवलंच असणार, कारण ताम्हिणीहून आत्याचा सुरेखाला फोन, "टेम्पो सांगू का?"

मी फोन हिसकावून घेतला. "आत्या, अगं मी बोलतोय! जिवंत आहे!"

"तू गप," आत्या म्हणाली. "तुज्या बोलन्यावर इस्वास न्हाई. छापून दाव!"