पन्नास किलोचा माणूस

पुंजाराम वाकळेच्या घरात गॅसची भरलेली टाकी कधी आपटली नाही. गारखेड्यातल्या त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. तो टाकी खांद्यावर घेऊन जिना चढायचा, आधी एक गुडघा फरशीला टेकायचा, मग खाली हात घालून ती अशी ठेवायचा की खाली राहणाऱ्या घरमालकाला पत्ता लागत नसे. बायको वच्छला ओट्याजवळून बघत हसायची.

"अहो, टाकी हाय ती. नवरी नाय रुसून बसायला."

"असू दे. हाताला सवय लागलीय."

ही सवय त्याला नोकरीनं लावली होती.

गंगापूरजवळच्या एका वाडीवरून तो शहरात आला तेव्हा त्याच्याकडं दहावीचं गुणपत्रक आणि फायरमनच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं. महापालिकेच्या अग्निशमन दलात तो कंत्राटावर लागला आणि तेरा वर्षं कंत्राटावरच राहिला. फायरमन म्हटलं की लोकांना लाल गाडी आणि घंटा आठवते. पुंजारामची निम्मी कामं आगीची नव्हतीच. नायलॉन मांज्यात अडकलेली घार सोडवायची, नाल्यात पडलेली गाय दोरानं वर घ्यायची, लिफ्टमध्ये कोंडलेली माणसं काढायची, आणि विहिरीत उतरायचं. आग असली की वेगळीच तऱ्हा. गुलमंडीच्या अरुंद गल्ल्यांत गाडी कोपऱ्यावरच थांबते. तिथून पुढं पंधरा-पंधरा मीटरच्या पाइपाच्या गुंडाळ्या खांद्यावर टाकून पळायचं आणि एकाला एक जोडत जायचं. पाणी सुटलं की तोच पाइप असा उसळतो की एकट्यादुकट्याला आवरत नाही. एकदा तिथल्या कापडाच्या गोदामात पुंजाराम पाऊण तास रांगत होता, कारण धूर वर चढतो आणि घेण्याजोगी हवा जमिनीपासून हातभरच उरते. त्यानंतर आठ दिवस तो काळं थुंकत होता.

हे सगळं त्याला शिकवलं कमरोद्दीननं. कमरोद्दीन गाडीचा ड्रायव्हर, कायम नोकरीतला, मेंदी लावलेल्या दाढीचा. नवीन माणसाला तो आधी शिव्या द्यायचा, मग चहा पाजायचा आणि त्यानंतर काम शिकवायचा.

नोकरीचं पहिलंच वर्ष. शहराबाहेरच्या एका मळ्यातल्या विहिरीत एक तरणा माणूस बुडाला होता. पुंजाराम दोराला बांधून खाली उतरला, गाळात चाचपून त्यानं माणूस शोधला आणि खांद्यावर घेऊन वर आला. साठ-सत्तर किलोचं ओलं ओझं. काठावर पाय लागताच त्यानं ते खाली टाकलं. धप्प असा आवाज झाला.

गर्दीतून एक बाई धावली. "हळू रे बाबा! लागंल त्याला!"

पुंजाराम तिथंच उभा राहिला. तिच्याकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही.

परतताना गाडीत कमरोद्दीननं समोर रस्त्याकडं बघतच सांगितलं, "वो मर गया, ये तेरेकू मालूम, मेरेकू मालूम. उसकी माँ को अभी मालूम नै था. आदमी जिंदा हो या मुर्दा, फेकने का नक्को. पहले घुटना, फिर हाथ मान के नीचे, सबसे आखिर में सिर. समझा?"

"समजलं, कमरूभाई."

तेरा वर्षांत पुंजारामनं किती माणसं खाली ठेवली ते त्यानं कधी मोजलं नाही. पण टाकलं एकालाही नाही.

तेराव्या वर्षी दलात कायम फायरमनची भरती निघाली. जाहिरात त्यानं मोबाइलवर इतक्या वेळा वाचली की ती वच्छलालाही पाठ झाली. उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर. छाती एक्क्याऐंशी, फुगवून शहाऐंशी. वजन किमान पन्नास किलो. तीन मिनिटांत आठशे मीटर धावणं. पन्नास किलोची मानवी प्रतिकृती खांद्यावर घेऊन साठ मीटर, वीस सेकंदांत. वीस फुटांवरून, खाली माणसांनी ताणून धरलेल्या जम्पिंग शीटमध्ये उडी. मग दोर चढणं. एका चाचणीत नापास झालेल्याला पुढच्या चाचणीला उभं राहता येणार नव्हतं. दलात काम केलेल्यांना वयाची सूट होती, पण ती चाळिशीपर्यंत. पुंजारामला एकोणचाळीस पूर्ण होऊन नऊ महिने झाले होते. मागची भरती इतकी जुनी की तिचं वर्ष कमरोद्दीनलाही आठवावं लागलं. म्हणजे ही एकच संधी होती. भरती झाल्यावर कंत्राटी माणसांची गरजच उरणार नव्हती, हेही जाहिरातीत न लिहिता सगळ्यांना कळलं होतं.

धावण्याची त्याला भीती नव्हती. उडीची तर नव्हतीच. त्याला धास्ती होती छातीची. इतका धूर ओढलेली छाती पाच सेंटिमीटर फुगेल का? तो रोज पहाटे गच्चीवर उभा राहून श्वास कोंडायचा आणि वच्छला शिलाईच्या टेपनं मोजायची.

"साडेचार."

"नीट धर की."

"धरलाय नीट. पोट नका फुगवू, छाती फुगवा."

दीड महिन्यानं टेप पाचाच्या पुढं गेला. त्या दिवशी वच्छलानं शिरा केला.

राहिली ती प्रतिकृती. ती अग्निशमन केंद्रातच असायची आणि सरावाला घ्यायला किंवा बाहेर न्यायला परवानगी नव्हती. वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन बघितलं तर ते घसरायचं, माणसासारखं अंगाला बिलगायचं नाही. मग वच्छलाच म्हणाली, "मला घ्या. बावन्न किलो भरते मी, दवाखान्यातल्या काट्यावर."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. आपण लोकांसाठी पळायलो का?"

मागच्या मोकळ्या प्लॉटवर त्यानं टेपनं साठ मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. उजाडता उजाडता तो वच्छलाला खांद्यावर टाकून पळायचा. एका हातानं ती पदर धरायची, दुसऱ्या हातात मोबाइलचं घड्याळ. दूध घेऊन जाणारी लक्ष्मीबाई रोज थांबून बघायची.

"वच्छे, लग्नात तरी उचललं होतं का गं असं?"

"तवा नोकरी कायम व्हायची नव्हती ना, मावशी!"

रेघ आली की वच्छला खांद्यावरूनच बटण दाबायची. मग पुंजाराम गुडघा टेकायचा, तिच्या मानेखाली हात द्यायचा आणि तिला अलगद खाली उतरवायचा. ती उठून, केस सारखे करून आकडा वाचायची. अठरा. साडेसतरा. परत साडेसतरा. वीसच्या आसपास तो कधी गेलाच नाही.

चाचणीच्या दिवशी मैदानावर चारशेच्या वर पोरं जमली होती. बहुतेक विशी-बाविशीची, गंगापूर-पैठणकडची, जीपनं पहाटेच आलेली. पुंजाराम त्यांच्यात वेगळा दिसत होता. त्याच्या छातीवरचा नंबर होता दोनशे अकरा. मोजमापाच्या टेबलाशी त्यानं डोळे मिटून श्वास घेतला.

"शहाऐंशी पूर्णांक दोन. पुढं."

त्याला तिथंच बसावंसं वाटलं. जी भीती होती ती संपली होती. धावण्यात तो दोन मिनिटं अठ्ठावन्नमध्ये आला. आता प्रतिकृती. ती खाकी कपड्यातली, कॅनव्हासच्या डोक्याची. तिच्यात वाळू आणि भुसा पुंजारामनंच मागच्या आठवड्यात भरून वजन करून दिलं होतं. पोरं तिला मामा म्हणत होती.

"मामा लई जड झालाय रे! रात्री मटण हाणलं वाटतं."

"टाक की मग पलीकडं, धरून काय बसायलास?"

आणि पोरं टाकतच होती. रेघ ओलांडली की खांदा झटकायचा, मामा धप्प. बाहेरून आलेले दोन अधिकारी घड्याळ बंद करायचे. शेजारी कॅमेरा लावलेला. मामाच्या मानेची शिवण उसवून वाळू गळायला लागली होती.

"दोनशे अकरा!"

शिट्टी झाली. पुंजारामनं प्रतिकृती उचलून खांद्यावर घेतली आणि तो निघाला. पाय बरोबर पडत होते. उजव्या बाजूला जम्पिंग शीटपाशी कमरोद्दीन उभा होता, तो ओरडत होता ते त्याला ऐकूही आलं. रेघ पायाखालून गेली. पुढं कुणी नव्हतं. जिंकल्यासारखंच होतं.

आणि त्यानं गुडघा टेकला.

"फेक! अरे फेक ना!" कमरोद्दीन गळा फाडून ओरडला.

पुंजारामला कळत होतं. टाकायचंय, नुसतं टाकायचंय. पण एक हात मानेखाली गेला होता. पाठ टेकली. मग पाय. सगळ्यात शेवटी त्यानं ते कॅनव्हासचं डोकं मातीवर ठेवलं, मानेतून गळणारी वाळू हातावर घेत. तेव्हा घड्याळं थांबली.

"एकवीस पूर्णांक चार," एक अधिकारी म्हणाला. दुसऱ्यानं आपलं घड्याळ दाखवलं, तेच. "नापास. नेक्स्ट."

"साहेब, रेघ तर सतराला ओलांडली मी."

"प्रतिकृती जमिनीवर पूर्ण ठेवेपर्यंतची वेळ धरतात. सूचनेत दिलंय, सकाळी माइकवर वाचलंही." तो अधिकारी चिडलेला नव्हता, दमला होता. "बाजूला व्हा."

केंद्राचे साहेब मंडपाच्या सावलीत होते. त्यांनी पुंजारामला गुलमंडीच्या गोदामातून काळा होऊन बाहेर पडताना बघितलं होतं. पुंजाराम त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"बघितलं मी," साहेब म्हणाले. "पुंजाराम, दोन घड्याळं आहेत, कॅमेरा आहे. तुला एकदा परत संधी दिली तर त्या दीडशे नापास पोरांना काय सांगू?"

"बरोबर हाय, साहेब."

"तू टाकलं का नाहीस रे?"

तो मैदानाच्या भिंतीशी गेला आणि त्यानं वच्छलाला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"किती?"

"एकवीस पूर्णांक चार."

"चेष्टा नका करू."

"नाय करत."

"असं कसं? अठराच्या वर कवा गेला तुम्ही?"

"रेघेला सतराच होते. ठेवायला चार लागले."

तिच्या मागं कुकरची शिट्टी ऐकू आली.

"ठेवायचं बी मोजत्यात?"

"व्हय. कागदावर होतं. शंभरदा वाचलं आपण."

"मी तर रेघ आली की बटण दाबायचे." तिचा आवाज बारीक झाला. "अहो, मीच दाबायचे."

"तू खांद्यावर होतीस. तुला काय ठाऊक."

"मला एकदा तरी टाकून द्यायचं होतं की हो. लागलं असतं तर लागलं असतं."

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पोपडे आलेला चुना त्यानं नखानं खरवडला. तिकडं ती रडत होती. "कुकर बंद कर," तो शेवटी म्हणाला.

मागं चप्पल वाजली. कमरोद्दीन आला होता. त्याचे डोळे लाल होते.

"मैंच सिखाया तेरेकू," तो म्हणाला. "बोल ना, गाली दे. मेरी गलती है."

"तुमची कशी, कमरूभाई?"

"फिर किसकी?"

तेवढ्यात साहेबांनी पाठवलेला एक जण सांगत आला, की जम्पिंग शीट धरायला एक माणूस कमी पडतोय, पुंजाराम आज रजेवर आहे हे साहेबांना ठाऊक आहे, त्याला जमत असेल तरच. कमरोद्दीन त्याच्या अंगावर जाणार होता. पुंजारामनं त्याला थांबवलं. छातीवरचा दोनशे अकरा सोडवला, घडी करून खिशात ठेवला आणि तो शीटपाशी गेला.

त्याला धरून दहा माणसं शीटच्या कडेनं उभी होती. त्यानं आपली कडी दोन्ही हातांनी धरली, कोपर अंगाशी घेतलं, एक पाय मागं टाकला. वर मचाणावर पोरं एकेक करून येत होती. पहिलं उडी मारून गेलं, दुसरं गेलं. ज्यानं मामाला सगळ्यात जोरात आपटलं होतं तेही गेलं. त्याच्या वजनाचा हिसका पुंजारामच्या खांद्यापर्यंत आला, जिथं अजून वाळू चिकटली होती.

मग एक सडपातळ पोरगं वर येऊन थांबलं. दांडा धरून बसलं, उठेना. अधिकारी घड्याळ बघू लागले.

"ए भाऊ," पुंजारामनं खालून हाक दिली. "खाली बघू नको. समोरच्या लिंबाकडं बघ. आम्ही हावोत इथं."

"काका, धरताल ना?"

"धरतो. ये."

ते पोरगं डोळे मिटून सुटलं. शीटनं झोल खाल्ला, दहाजणांचे हात ताणले गेले, आणि ते मधोमध पाठीवर येऊन पडलं. पास झालं होतं. ते हसायला लागलं. नऊ जणांनी कड्या सोडल्या. पुंजारामनं आपली बाजू तशीच धरून ठेवली, मग गुडघा टेकून हळूहळू खाली घेतली, पोराचं डोकं जमिनीला लागेपर्यंत.