नाक्यावरचा पावणा

"पावणं, लायसन?"

हाक अस्सल कोल्हापुरी. मारणारा आफ्रिकेतल्या एका देशाचा पोलिस सार्जंट. आणि माझ्या जीपच्या मागच्या सीटवर इराण्णा डोळा धरून ओरडत होता.

मी कसबा बावड्याचा, साखर कारखान्यातला मेंटेनन्स इंजिनिअर. तिकडच्या एका खासगी कारखान्यात तीन वर्षं काढली. इराण्णा माझा फिटर, गडहिंग्लजकडचा. त्याला मीच नेलतं. त्याची अव्वा, म्हणजे आई, पाठवायला तयार नव्हती. "एकच पोरगं हाय, सांभाळशीला न्हवं?" म्हणाली. मी "व्हय की" म्हणून बसलो.

त्या दिवशी इव्हॅपोरेटरची सफाई चालली होती. इव्हॅपोरेटर म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी बंद भांडी. आतल्या नळ्यांवर खपली धरते. ती काढायला कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी फिरवतात. पंपाचं पॅकिंग सुटलं आणि फवारा इराण्णाच्या उजव्या डोळ्यात. गॉगल कपाळावर! कॉस्टिक डोळ्यात गेलं की आत आत खात जातं. सारखं पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. डोळ्यांचा दवाखाना शहरात, तासाभरावर. होतो तसा बॉयलर सूटवर गाडीत बसलो. पाकीट क्वार्टरवर राहिलं. लायसन त्यातच.

वाटेत हा नाका. इथं सीट बेल्ट, आरसा, टायर, कायतरी खोट निघतेच. मग 'चाय' मागतात. चहा न्हवं, चिरीमिरी. आमचे बाकीचे साहेब गाडीतनं न उतरता पावती मागायचे. अर्धा तास उन्हात तापायचे आणि फुकट सुटायचे. पावतीचं नाव काढलं की पोलिसांचा इंटरेस्ट जायचा.

मी शहाणा! परका माणूस दिसला की नातं लावायचं, ही आपली खोड. पहिल्याच आठवड्यात उतरून ह्या सार्जंटशी हात मिळवला, घरचा गूळ दिला, 'पावणं' म्हणायला शिकवलं. आमच्याकडं पावण्याला आधी पाणी देतात, हेही सांगितलं. नंतर तो मागायच्या आधीच नोट द्यायला लागलो. बाकीचे हसायचे. मी म्हणायचो, "ओळख कवातरी उपयोगी पडती."

पडली की! माझ्या पुढचा ट्रक त्यानं हात दाखवून सोडला. माझी जीप ओळखून अडवली.

"पाकीट घरी राहिलं. ह्याचा डोळा चाललाय, सोड बाबा," मी इंग्रजीत म्हणालो.

"नो लायसन, पावणं? बिग केस." त्यानं किल्लीच काढून घेतली.

"उद्या दुप्पट देतो."

"टुमारो नो. टुडे."

मागनं इराण्णा ओरडला, "सर, द्या की त्याला काय पायजे ते!"

काय देऊ? माझ्या खिशात मोबाईल आणि इराण्णाच्या खिशात पाना. मोबाईल सार्जंटपुढं केला, त्यानं घेतला न्हाय. त्याच्या पाया पडलो. आयुष्यात साहेबाच्या पडलो नव्हतो. तो दोन पावलं मागं सरला.

"सर, बाटलीतलं पाणी संपलं."

ते ऐकून सार्जंट स्वतः गेला आणि कॅन भरून घेऊन आला. "पावणं, वॉटर," म्हणाला. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

कारखान्यात फोन केला. दुसरी गाडी पाकीट घेऊन येईपर्यंत सव्वा तास गेला. तेवढा वेळ मी डोळ्यावर पाणी ओतत बसलो. सार्जंटनं लायसन बघितलंसुद्धा न्हाय. नोट घेतली, किल्ली दिली.

"गो फास्ट, पावणं."

डोळा गेला. लवकर आलो असतो तर वाचला असता का, हे डॉक्टरला दोनदा विचारलं. त्यानं दोन्ही वेळा विषय बदलला. कंपनीच्या रिपोर्टमध्ये आलं, 'चालकाजवळ परवाना नसल्याने विलंब.' खोटं काय न्हाय त्यात.

आता तिकडं निघालेली पोरं मला टिप्स विचारतात. मी सांगतो, लायसन खिशात ठेवा. पोलिसाला पावणं म्हणू नका, पावती मागा.

सुट्टीला आलो तेव्हा इराण्णाच्या घरी गेलो. अव्वानं दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला.

"या पावणं. पोरगं जित्तं आणलासा, लई केलासा."

तांब्या हातात घेतला. न पिताच उंबऱ्यावर ठेवला.