उलटा ठेवलेला स्कॅनर

सोमवारी कळंबोलीच्या आमच्या किराणा गोदामात तूरडाळ संपली. कॉम्प्युटरवर मात्र ती भरपूर दिसत होती.

माल उतरवून घेणारे उरणचे काका, हातात स्कॅनर आल्यापासून, कुजबुजत बोलायचे. चहा पिताना तो उलटा ठेवायचे.

"भाऊ, आपन बसलो हाय, ह्ये मालकाला कलतं काय?"

"नाही हो काका, तो फक्त माल मोजतो."

त्यांना ते पटलं नव्हतं. स्कॅनर गप्प दिसला तर नोकरी जाईल, या भीतीने ते रिकाम्या वेळात डाळीचं एकच खोकं पुन्हा पुन्हा स्कॅन करत होते. दर वेळी साठ्यात एक खोकं वाढत होतं.

मंगळवारी काका वेळेवर आले. गेटवरच्या हजेरीच्या मशीनने त्यांचा अंगठा घेतला नाही. पडद्यावर आलं, 'नाव यादीत नाही.'