झील धरणारे

मुंबईत प्लेग शिरायच्या आधीची ही गोष्ट. मी परळच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होतो आणि लालबागेत एका चाळीत राहत होतो. गाण्याचं वेड मला लहानपणापासून. साचे धडधडत असले की त्यांच्या ठेक्यावर मी गळा मोकळा सोडत असे. मुकादमाच्या शिव्या त्या आवाजात ऐकू येत नसत, आणि आल्या असत्या तरी मी गप्प बसलो असतो असं नाही.

शनिवारी संध्याकाळी चाळीपुढच्या मोकळ्या जागेत आमचं भजन बसे. मधोमध मी बुवा, बाजूला माझ्या शेजारच्या साच्यावरचा मृदंगवाला आणि मागे टाळकरी. त्यांतले म्होरके शिवडीचे कोळीकाका. वल्हं मारून घट्ट झालेल्या हातांनी ते टाळ असे आपटत की शेजारचा माणूस जरा सरकूनच बसे. गळा तर खाडीपलीकडच्या होडीला हाक ऐकू जाईल असा. सुराशी मात्र त्यांचं फारसं बोलणं नव्हतं.

बुवाने चरण म्हणायचा आणि मागच्यांनी झील धरायची, म्हणजे तोच चरण सगळ्यांनी मिळून उचलायचा, घोळवायचा आणि पुन्हा बुवाच्या हवाली करायचा, ही भजनाची रीत. मागे झील चाललेली असताना मी घाम पुसून घेई, पाण्याचा घोट घेई, पुढचे शब्द आठवी. लोक म्हणत, बुवांचा दम काही औरच, तासन्‌तास गातात पण थकत नाहीत. मलाही ते अगदी खरं वाटे.

एकदा गिरगावातल्या एका जुन्या घराण्यातले गृहस्थ परळला काही कामासाठी आले होते. परत जाताना त्यांनी रस्त्यात उभं राहून माझं गाणं ऐकलं. त्यांच्या घरी रामनवमीचा उत्सव असे आणि नामांकित गवई तिथे हजेरी लावत. त्यांनी मला उत्सवातल्या रविवारी दुपारच्या गाण्याचं आमंत्रण दिलं. गाणं पसंत पडलं तर दरवर्षीची सेवा माझ्याकडे, असंही म्हणाले. फक्त एक अट त्यांनी फार गोड शब्दांत घातली. साथीला त्यांचे तबलजी आणि पेटीवाले होतेच, तेव्हा बाकीच्या मंडळींना उगीच त्रास देऊ नये. विशेषतः त्या उंच आवाजाच्या गृहस्थांना.

मी हरखून गेलो. गिरगावात एकदा गायलो की मला कोणी ‘गाणारा गिरणीवाला’ म्हणणार नव्हतं, नुसतं गाणारा म्हणणार होतं. पण मंडळींना सांगायचं कसं? मी दोन दिवस घुटमळलो. शेवटी, कुठून तरी कानावर गेल्यावर, कोळीकाकांनीच माझी सुटका केली. “जा की रे. आमी हाव ना हितं,” म्हणाले. माझ्या उपरण्यावर साच्याच्या तेलाचे डाग होते, म्हणून मृदंगवाल्याने आपलं धुतलेलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं. ते मिरवत मी एकटाच गिरगावला निघालो, आणि खरं सांगायचं तर मोठ्या ऐटीत.

दिवाणखान्यात पांढऱ्याशुभ्र गाद्या अंथरल्या होत्या. पेटी सुरात, तबला सुरात, मीही सुरात. पहिला चरण असा काही लागला की पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पान तोंडात घालायचं थांबवलं. मग मी नेहमीच्या सवयीने हात वर केला, डोळे मिटले आणि थांबलो.

मागून काहीच आलं नाही. तबलजींना वाटलं गाणं संपलं, त्यांनी छानशी तिहाई घेऊन हात मांडीवर ठेवले. पेटीवाले माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे. घाईघाईने तोच चरण पुन्हा म्हटला, तसाच पुढचा धरला आणि अर्ध्यावर माझा श्वास संपला. लालबागेत गाजलेला तो दम गिरगावात काही सापडेना. म्हाताऱ्या गृहस्थांनी पान तोंडात घातलं. यजमान नारळाच्या तबकाकडे पाहू लागले. आता आपली बोळवण होणार हे मला दिसलं आणि भर सभेत रडू यायला लागलं.

तेवढ्यात दाराशी, जोडे काढून ठेवतात तिथून, झील उठली. बेसूर, भसाडी, खाडी ओलांडून जाणारी. कोळीकाका, मृदंगवाला आणि बाकीचे सगळे तिथे उभे होते. आंघोळी करून, डोक्याला तेल चोपडून आलेले. टाळ आणले नव्हते, हातांनीच टाळ्या धरल्या होत्या. तबलजी चटकन सावरले. मी घाम पुसला, दम घेतला आणि पुढचा चरण उचलला. मग मात्र मी गायलो. थोड्या वेळाने पुढचे म्हातारे गृहस्थही पान गालात सारून झील धरू लागले.

शेवटी यजमानांनी माझ्या हाती नारळ दिला आणि पुढच्या वर्षीची सेवा माझीच असं सांगितलं. मग दाराकडे बघत जरा खाकरून म्हणाले, “बुवा, मंडळींनाही आणा. टाळांसकट.”

सुंठवडा खात आम्ही चालत लालबागेकडे निघालो. नारळ मी काकांच्या हातात दिला होता. नको म्हटलं असताना तुम्ही आलात कसे, असं मी त्यांना विचारलं.

“गायला नाय आलो. ऐकायला आलतो,” ते म्हणाले. त्यांनी नारळ काखेत मारला. मग म्हणाले, “चरण झाला की तू थांबतोस. ते तुला म्हायीत नव्हतं रे. आमाला हाय.”