मातीत भेसळ

माती विकत आणणं मला कधी पटलंच नाही. बजाजनगरच्या आमच्या गच्चीवर जेवढ्या कुंड्या होत्या, तेवढ्या मी घरच्या मिश्रणावर पोसल्या. एक घमेलं साधी माती, एक घमेलं कुजून भुगा झालेलं शेणखत, आणि तिसऱ्यात विटांचे बारीक तुकडे नि मारुतीच्या देवळामागून गोळा केलेल्या नारळाच्या शेंड्या, कात्रीनं कापून भिजवलेल्या. मूठ वळली की गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, तेव्हा समजायचं, जमलं.

माझ्या सासऱ्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. मी त्यांना मामा म्हणायची. "माती म्हंजी काय चिवडा हाय का, ह्ये घाल नि त्ये घाल? काळ्या मातीत भेसळ करत्यात व्हय कुठं?"

मी हसण्यावारी न्यायची. हा माणूस जन्मभर पैठण रोडच्या काळ्या रानात मोसंबी पिकवत आलेला. दुष्काळात विहीर आटली, टँकर घालून पाहिले, तरी बाग डोळ्यांदेखत वाळली आणि शेवटी सरपणाला गेली. शहर तोवर बांधाला येऊन टेकलंच होतं. रान विकलं, तिथं प्लॉट पडले. आमच्याकडे राहायला येताना मामांनी बागेतली एकच गोष्ट आणली होती. शेवटच्या हिरव्या फांदीचा डोळा बांधून कलम केलेलं हातभर रोप. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामा दिवसभर त्या रोपाशीच बोलायचे. ते जगावं एवढी एकच इच्छा त्यांच्यात उरली होती. ते मेलं तर म्हातारा टिकायचा नाही, अशी मलाही धास्ती होती.

मी ते मोठ्या ड्रममध्ये माझ्या मिश्रणात लावलं. मामांना समजावलं, "ड्रमात नुसती काळी माती गच्च बसते, मामा. पाणी खाली उतरत नाही, मुळं गुदमरतात."

"बरं बाई," मामा म्हणाले. इतक्या लवकर ऐकणारा तो माणूस नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढचा उन्हाळाही कोरडाच. नळ आठवड्यातून एकदा यायचा. झाडांना भांडी विसळलेलं पाणी, तेही बेताचं. मामांच्या उशाशी मात्र मी सकाळ-संध्याकाळ प्यायच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. तो रिकामा दिसला की बरं वाटायचं. रोपानं मात्र मान टाकली, पानं पिवळी पडली. "तहानलंय त्ये," मामा म्हणायचे. मी ड्रममध्ये बोट घालून बघितलं, वरची माती भुसभुशीत होती. उन्हाची झळ लागली असेल म्हणून सोडून दिलं.

मे महिन्यात मामा न्हाणीच्या दारात कोसळले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात?" मी ठणकावून सांगितलं, "भरपूर!" डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, किडन्यांवर ताण आलाय.

कपडे न्यायला घरी आले तर समोरच्या बाई दारात भेटल्या. "बरे आहेत ना मामा? रोज तांब्या घेऊन गच्चीवर दिसायचे. आम्हाला वाटायचं, सूर्याला अर्घ्य देतात."

मी तशीच गच्चीवर गेले. रोप नुसतं धरलं तर मुळासकट हातात आलं. ड्रम पालथा केला. वर चार बोटं माझं मिश्रण आणि खाली सगळी काळी माती, चिखल होऊन आंबलेली. मुळांची साल बोटाला चिकटून निघत होती.

नवऱ्यानं मान खाली घालून सांगितलं. माती आमच्याच रानातली होती. प्लॉटवर पाया घेताना काळी माती उकरून रस्त्याकडेला टाकतात आणि मुरूम भरतात. तिथून त्यानंच मामांना दोनदा मोटारसायकलवर नेऊन पोती भरून आणली होती आणि दोघांनी मिळून ड्रममध्ये भरली होती, मी शिवणाच्या क्लासला गेलेली असताना. "त्यांचं मन मोडवेना," म्हणाला. मला दोघांचाही संताप आला. त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. रिकाम्या तांब्यावर खूश होणारी मी, मला शहाणं कोण म्हणेल?

पंधरा दिवसांनी मामा घरी आले. रोप बघायचंच म्हणाले, ऐकेनात, म्हणून दोन्हीकडून धरून गच्चीवर नेलं. रिकाम्या ड्रमची कड धरून ते उभे राहिले.

"बाग गेली तव्हा पाणीच नव्हतं, सूनबाई," ते म्हणाले. "ह्याला तर म्या माझ्या तोंडचं पाजलं. तरी कमी पडलं का गं?"

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो मामा," मी म्हणाले, "कमीच पडलं." आणि त्यांना जिन्याकडे वळवलं.